एसीने बर्फ धरला? गॅस भरण्याआधी तो बर्फ कुठून सुरू होतो ते बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. दीड टनी इन्व्हर्टर स्प्लिट एसी रात्री १८ अंशांवर, पंखा लो वर ठेवून चालतो. पहिले दोन-तीन तास खोली छान गार होते. मग वारा मंदावतो, येतो तोही कोमट, आणि पहाटे इनडोअरमधून पाणी ठिबकायला लागतं. झाकण उघडलं तर कूलिंग कॉईल पांढरीशुभ्र. दुपारी मात्र तोच एसी व्यवस्थित चालतो. फिल्टर दर पंधरा दिवसांनी धुतला जातो. गेल्या वर्षी गॅस भरून झाला, यंदाही झाला. तरी बर्फ का?

माझा अंदाज आधी सांगून टाकतो. तुमच्या एसीत गॅस कमी नसावा, त्याला हवा कमी पडते आहे. दोनदा भरलेला गॅस बहुधा गरज नसताना भरला गेला. आता हे कशावरून म्हणतो ते सविस्तर सांगतो, कारण नेमकी इथेच फसगत होते आणि तिची किंमत कॉम्प्रेसर मोजतो.

कूलिंग कॉईलच्या नळ्यांत गॅस बऱ्याच अंशी द्रवरूपात शिरतो आणि तिथे उकळून त्याची वाफ होते. उकळायला लागणारी उष्णता तो खोलीतल्या हवेतून घेतो, म्हणून हवा गार होते. तो किती अंशांवर उकळणार हे दाबावर ठरतं. उंच डोंगरावर हवेचा दाब कमी असतो म्हणून पाणी शंभर अंशांच्या आधीच उकळतं, तसंच हे. आर-३२ गॅस, दाब मोजायच्या गेजवर १०३ पीएसआयच्या (दाबाचं एकक) आसपास दाब असताना, शून्य अंशावर उकळतो, आणि १२० पीएसआयला साधारण साडेचार अंशांवर. धडधाकट एसीची कॉईल शून्याच्या काही अंश वरच राहते. हवेतली वाफ तिच्यावर दव होऊन बसते, ते पाणी ट्रेमध्ये उतरतं आणि ड्रेन पाइपने बाहेर जातं. कॉईल शून्याखाली गेली की तेच दव ओघळायच्या आत गोठतं.

मग कॉईलमधला दाब खाली का जातो? एका बाजूने कॉम्प्रेसर सतत वाफ ओढत असतो. दुसऱ्या बाजूने खोलीची उष्णता द्रवाची नवी वाफ करत असते. या दोन्हींचा तोल जिथे साधतो तो दाब. खोलीची हवा कॉईलवरून पुरेशी गेली नाही तर वाफ कमी होते, कॉम्प्रेसर मात्र ओढतच राहतो आणि दाब पडतो. गॅसच कमी असला तर कॉईलला द्रव कमी मिळतो, कॉम्प्रेसर ओढतच राहतो आणि पुन्हा दाब पडतो. कारणं दोन, पण गेजवर दिसणारं लक्षण एकच. क्लॅम्प मीटर, म्हणजे वीजप्रवाह मोजायचं यंत्र, लावलात तर अँपिअरही दोन्ही वेळा कमीच दिसतात. बर्फाने भरलेल्या एसीला कुणी गेज लावलं आणि ‘दाब कमी आहे, गॅस टाकावा लागेल’ म्हणालं, तर तो माणूस खोटं बोलत असेलच असं नाही. गेज तेच सांगतं आहे. पण बर्फ असताना ते दुसरं काही सांगूच शकत नाही. कॉईल पूर्ण वितळवून, साफ करून, हवा मोकळी झाल्यावर घेतलेला दाबच खरा.

एकदा बर्फ धरायला लागला की तो स्वतःच वाढत जातो. कॉईलच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांमधली फट दीड मिलिमीटरच्या आसपास असते. दोन्ही बाजूंनी नुसता अर्धा-अर्धा मिलिमीटर हिमाचा थर आला तरी हवेला जेमतेम एक तृतीयांश वाट उरते. हवा कमी झाली की कॉईल आणखी गार, कॉईल गार झाली की बर्फ आणखी जाड. शिवाय हे हिम भुसभुशीत असतं, त्यात हवा अडकलेली असते, त्यामुळे ते दुलईसारखं उष्णता अडवतं. आत गॅस शून्याखाली असतो आणि बाहेर खोलीतल्या हवेला त्याचा पत्ता लागत नाही. ब्लोअर फिरतोच आहे, तो जिथून मिळेल तिथून, कडेच्या फटींतून खोलीचीच हवा ओढतो आणि परत तुमच्या अंगावर टाकतो. ही झाली तुमची ‘कोमट हवा’. प्रत्यक्षात ती गरम केलेली नसते, गार न होता तशीच परत आलेली असते. पुढे कॉईलवरच्या तापमानाच्या सेन्सरने कॉम्प्रेसर थांबवला की बर्फ वितळतो आणि त्यातलं थोडं पाणी वाफ होऊन हवेत मिसळतं, म्हणून खोली दमट, चिकट वाटते. उरलेलं पाणी एकदम सुटतं, ते ट्रेमध्ये मावत नाही आणि भिंतीवर उतरतं.

आता हवा की गॅस, हे कसं ओळखायचं? सकाळी पूर्ण गोठलेली कॉईल बघून ते कळत नाही, दोन्ही प्रकारांत शेवट सारखाच दिसतो. सुरुवात बघावी लागते. बर्फ पूर्ण वितळू द्या, फिल्टर धुऊन वाळवा, एसी नेहमीच्याच सेटिंगवर चालू करा आणि दर दहा मिनिटांनी इनडोअरचं पुढचं झाकण उचलून टॉर्चने कॉईल बघा. हात आत घालू नका. गॅस कमी असेल तर पहिल्या अर्ध्या तासातच जिथून गॅस कॉईलमध्ये शिरतो त्या टोकाच्या एक-दोन नळ्या पांढऱ्या होतात आणि बाकीची कॉईल कोरडी, कोमट राहते. द्रव तिथेच संपतो, पुढच्या नळ्यांपर्यंत पोचतच नाही. हवा कमी असेल तर आधी अख्खी कॉईल छान ओली दिसते, बऱ्याच वेळाने सगळीकडे साय धरल्यासारखा पातळ थर येतो आणि तो हळूहळू जाड होतो.

आउटडोअरच्या बाजूला दोन नळ्या जोडलेल्या असतात, एक बारीक, एक जाड. घरगुती स्प्लिटमध्ये कॅपिलरी किंवा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह, म्हणजे द्रवाचा दाब एकदम उतरवणारी बारीक वाट, आउटडोअरमध्येच असल्याने बारीक नळीही गारच असते. गॅस कमी असला की बारीक नळीच्या नटावर बर्फ दिसतो आणि जाड नळी कोरडी राहते, तिला घामही येत नाही. हवा कमी असली की उलट, जाड नळीच बर्फाने झाकली जाते आणि तो बर्फ कॉम्प्रेसरच्या दिशेने सरकत जातो. या जाड नळीवरचा बर्फ मला सगळ्यात जास्त काळजीत टाकतो. याचा अर्थ कॉईलमध्ये न उकळलेला द्रव परत कॉम्प्रेसरकडे निघाला आहे. कॉम्प्रेसर वाफ दाबायला बनवलेला असतो, द्रव दाबला जात नाही. तो आतलं तेल पातळ करतो, बेअरिंगवरून धुऊन नेतो आणि कधी व्हॉल्व्ह तोडतो. एक विनंती, आउटडोअर खिडकीबाहेर किंवा छज्जावर असेल तर हे बघायला वाकू नका. ते काम पट्टा बांधून येणाऱ्या माणसाचं आहे.

तुमच्या वर्णनात आणखी एक खूण आहे आणि तीच मला निर्णायक वाटते. दुपारी एसी नीट चालतो. गॅस कमी असता तर तो सगळ्यात आधी भर दुपारी उघडा पडला असता, कारण तेव्हाच सगळ्यात जास्त उष्णता उचलायची असते. रात्री बाहेर गारवा येतो, खोली थंड झालेली असते, उचलायला उष्णताच कमी उरते. त्यात तुम्ही १८ मागता आणि पंखा लो वर. ब्लोअर जेमतेम फिरतो आहे आणि कॉम्प्रेसरला थांबायची मुभा नाही. कुठेतरी हवेची अडचण आधीपासून असेल तर ती अशा रात्रीच बर्फ होऊन दिसते.

‘पण फिल्टर तर स्वच्छ आहे’ असं तुम्ही म्हणाल. हे मला जवळजवळ प्रत्येक घरी ऐकायला मिळतं आणि ते खरंही असतं. फिल्टरची जाळी मोठे तंतू, केस, कापसासारखी धूळ अडवते. बारीक धूळ, धूर, तेलाचा अंश तिच्यातून पार होतो आणि ओल्या कॉईलवर चिकटतो. कॉईलचा पुढचा भाग चकचकीत दिसतो, पण कॉईल वाकवलेली असते, वरचा आणि मागचा भाग समोरून दिसत नाही. तिथे गाळ बसलेला असतो. त्याहून दुर्लक्षित भाग म्हणजे ब्लोअर, कॉईलच्या मागे फिरणारा तो लांब पिंजरा. त्याची पाती अर्धचंद्रासारखी वळलेली असतात आणि त्या खोलगट भागानेच हवा ढकलली जाते. तो खोलगटपणा धुळीने भरला की पातं जवळजवळ सपाट होतं. मोटर त्याच वेगाने फिरते, आवाजही तोच येतो, पण हवा निम्म्याने कमी झालेली असू शकते. बघायचं असेल तर एसीचा मेन स्विच बंद करा, हवा येते तिथल्या पट्ट्या हलक्या हाताने उघडा आणि टॉर्च आत मारा. पात्यांवर करडी लव दिसली तर तुमचं उत्तर तिथेच आहे.

कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत मी स्वतः ही चूक केली आहे. एका घरी एकाच हंगामात दोनदा गेज लावून गॅस टाकला. दोन्ही वेळा दाब वर आला, दोन्ही वेळा आठवड्याभरात बर्फ परत. तिसऱ्यांदा बोलावणं आलं तेव्हा कॉम्प्रेसर घरघरत होता. इनडोअर खाली उतरवल्यावर ब्लोअर बघितला, पाती ओळखू येत नव्हती. पिंजरा धुतला, कॉईल मागून धुतली, जास्तीचा गॅस काढला. बर्फ थांबला, कॉम्प्रेसर मात्र पुढे फार काळ टिकला नाही. त्या कुटुंबाला माझ्या घाईची झळ बसली. तेव्हापासून बर्फाची तक्रार असली की गेज पिशवीतच राहतं, आधी टॉर्च बाहेर येतो.

जास्तीचा गॅस निरुपद्रवी असतो असा समज आहे, तो चुकीचा आहे. दाब वाढल्याने कॉईल शून्याच्या थोडी वर येते आणि काही दिवस बर्फ दिसत नाही, म्हणून इलाज लागू पडला असं वाटतं. हवा कमीच असते. त्यामुळे न उकळलेला द्रव कॉम्प्रेसरकडे आणखी जोमाने जातो.

हवेच्या वाटेत इतरही अडथळे असतात. इनडोअरच्या वर वीतभर तरी मोकळी जागा लागते, कारण हवा वरून आत जाते. छताला चिकटवलेला किंवा लाकडी पेटीत बसवलेला एसी घुसमटतो. समोर पडदा किंवा उंच कपाट असेल तर निघालेली गार हवा आदळून वळते आणि परत वरून आत शिरते. कॉईलला मग आधीच गार झालेली हवा मिळते, तिच्यात द्यायला उष्णता नसते. एका टनाला मिनिटाला साधारण ४०० घनफूट हवा हा आमच्या धंद्यातला जुना ठोकताळा आहे. लो स्पीडवर तुम्ही मुळातच त्याच्या बरेच खाली असता, वर धूळ आणि पडदा आला की हिशेब कोलमडतो. ब्लोअरची मोटरच मंद झाली असेल, साध्या एसीत तिचा कॅपॅसिटर उतरला असेल, तरी परिणाम हाच.

१८ अंशांबद्दलही बोलायला हवं. रिमोटवर १८ केलं म्हणून एसीची कमाल ताकद वाढत नाही, तो फक्त जोर लावत राहतो आणि उशिरापर्यंत थांबत नाही. बाहेर गारठा असेल तर आउटडोअरकडचा दाबही पडतो आणि त्याच्याबरोबर कॉईलचाही. झोपताना २४ ते २६ अंश आणि पंखा मीडियम किंवा ऑटो ठेवा. खोली तितकीच सुखाची वाटेल आणि कॉईलला श्वास घ्यायला वाव मिळेल.

तुम्ही विचाराल, एसी स्वतः थांबत का नाही? थांबायला हवा. कॉईलच्या नळीला एक तापमानाचा सेन्सर लावलेला असतो. कॉईल शून्याजवळ गेली की साधा एसी कॉम्प्रेसर बंद करतो, इन्व्हर्टर त्याचा वेग उतरवतो आणि तेही पुरलं नाही तर थांबवतो. तरीही जाड बर्फ होत असेल तर सेन्सर आपल्या खोबणीतून निसटून हवेत लोंबकळतो आहे का, हे नक्की तपासायला सांगा. सर्व्हिस करताना तो निघतो आणि परत नीट बसवला जात नाही, असं बऱ्याचदा दिसतं. तो तापमान चुकीचं दाखवत असेल तर बदलायला सांगा, पण आधी तो जागेवर आहे का ते बघा.

आता खरंच गॅस कमी असेल तर काय? एक गोष्ट पक्की धरा, एसीचा गॅस वापरून संपत नाही. पेट्रोलसारखा तो जळत नाही. तोच गॅस बंद नळ्यांमध्ये वर्षानुवर्षं फिरतो. कमी झाला म्हणजे कुठूनतरी गेला आणि ती जागा सापडल्याशिवाय भरलेला गॅसही तिथूनच जाणार. बहुतेक वेळा गळती फ्लेअर नटला असते, जिथे नळीचं तोंड फुलवून नट आवळलेला असतो. काही वेळा ती कॉईलमध्येच असते. सफाईची रसायनं, गोंद, नवीन फर्निचर यांतून निघणारी सेंद्रिय आम्लं तांब्याच्या पातळ नळीला मुंगीच्या वारुळासारखी सूक्ष्म भोकं पाडतात, ती डोळ्यांना दिसत नाहीत.

योग्य काम असं होतं. नायट्रोजन भरून दाब धरून ठेवायचा, साबणाच्या फेसाने प्रत्येक जोड बघायचा, गळती बंद करायची. मग व्हॅक्यूम पंप लावून नळ्यांतली हवा आणि ओल काढायची, आणि शेवटी आउटडोअरच्या पट्टीवर लिहिलेलं गॅसचं वजन काट्यावर मोजून भरायचं. इन्व्हर्टर एसीत कॉम्प्रेसरचा वेग बदलत असतो, म्हणून दाबही बदलत असतो. गेज बघत अंदाजाने भरणं त्याला लागू पडत नाही, वजन हाच खरा आधार. व्हॅक्यूम टाळला तर आत राहिलेली ओल तेलात मिसळून आम्ल तयार करते, किंवा एक्स्पान्शनच्या बारीक छिद्राशी गोठून गॅसच अडवते. तेव्हा एसी मधूनच गार करणं सोडतो आणि थोडा वेळ बंद ठेवला की पुन्हा सुरू होतो, पण अख्खी कॉईल मात्र बर्फाने भरत नाही. आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे आणि आर-२९० म्हणजे प्रोपेन तर सहज पेटतो, त्यामुळे जोडकामाची आच लावण्याआधी नळ्या रिकाम्या करून नायट्रोजनने धुतल्या पाहिजेत. यात तडजोड करणाऱ्याला घरात काम करू देऊ नका.

बर्फ अजिबात नाही आणि हवा मात्र गरम, ही तक्रार वेगळी. तेव्हा आउटडोअर चालू आहे का ते आधी बघा. कॉम्प्रेसरचा कॅपॅसिटर गेला, बाहेरचा पंखा थांबला, बाहेरची कॉईल धुळीने बुजली आणि कॉम्प्रेसर तापून ट्रिप झाला, किंवा रिमोट चुकून फॅन मोडवर गेला, यांपैकी काहीतरी असतं. गॅस फारच कमी झाला तरी कॉम्प्रेसर तापतो, कारण परत येणारा गार गॅसच त्याला थंड ठेवत असतो. आणि हीटिंगवर चालवताना आउटडोअरवर हिम आलं, एसी काही मिनिटं थांबला, तर घाबरू नका. ते वितळवायची त्याची ठरलेली पद्धत आहे.

आज रात्रीसाठी एवढं करा. बर्फ दिसला की कूलिंग बंद करून फक्त फॅन मोड, पंखा हाय वर. खाली कापड आणि भांडं ठेवा. साधा बर्फ दोन-तीन तासांत उतरतो, जाड असेल तर अर्धा दिवसही लागतो. पेचकस, सुरी, गरम पाणी यांतलं काहीही वापरू नका. पाती कागदासारखी पातळ असतात आणि त्यांच्या मागेच गॅसची नळी असते. एक टोचा लागला की आतापर्यंत नसलेली गळती तयार होते. आणि बर्फ असताना कूलिंग चालूच ठेवू नका, तो प्रत्येक तास कॉम्प्रेसरच्या आयुष्यातून वजा होतो.

सर्व्हिसला माणूस बोलावाल तेव्हा ‘गॅस चेक करा’ म्हणू नका, ते म्हटलं की काम तिथूनच सुरू होतं आणि तिथेच संपतं. ‘ब्लोअर आणि कॉईलची मागची बाजू धुवायची आहे, कॉईलचा सेन्सर बघायचा आहे’ असं सांगा. समोरून जेट मारून काम झालं म्हणू देऊ नका, तुमच्या एसीला ब्लोअर बाहेर काढूनच धुवावा लागेल असं दिसतं. धुऊन झाल्यावर २४ अंश, पंखा हाय, वीस मिनिटं चालवून वरून आत जाणाऱ्या आणि खालून बाहेर येणाऱ्या हवेचं तापमान मोजा. साधारण ८ ते १२ अंशांचा फरक आला आणि जाड नळीवर बर्फ न येता घाम आला, तर ठीक. जाड नळी तरीही गोठत असेल तर दोनदा भरलेला गॅस जास्त झाला आहे असं धरा. तो सिलिंडरमध्ये काढून घेऊन पट्टीवरच्या वजनाइतकाच परत भरायला सांगा.